दुसरी डिस्क

बाबा, तुम्ही गावोगाव फिरून भरलेल्या भजनांच्या कॅसेटी मी संगणकात उतरवल्या, तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. लातूरच्या घरात, तुम्ही पेटी शिकवायचात त्या खोलीत, आता एक काळा डबा आहे. त्यात दोन डिस्क. एकीवर ठेवलेलं दुसरीवर आपोआप उमटतं आणि घरातल्या कुठल्याही फोनवर गाणं लावता येतं. गाव, मंडळ, गाणारा, अशी नावं मी लावली. मूळ कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या टाकल्या. दोन डिस्क म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हे मी नांदेडच्या ऑफिसात सगळ्यांना सांगते. इथे वेगळी प्रत काढली नाही.

सकाळी एक डिस्क गेल्याचा संदेश आला. नवी घेऊन मी लातूरला आले. आता उरलेलीवरून नवीवर सगळं उतरतं आहे. उरलेलीही गेलेलीबरोबरच घेतलेली, तितकीच झिजलेली. मधेच टक्‌ करते, थांबते, पुन्हा फिरते. आई दारातून ऐकते. म्हणते, भूकंपाच्या आधीही जमिनीतून गुरगुर यायची, लोकांना सवय झाली होती.

दुपारी काकी आल्या. त्यांचे यजमान मंडळात मृदंग वाजवायचे, भूकंपात गेले. फोटो नाही. तुमच्या कॅसेटीत दोन अभंगांच्या मधे ते काकींना विचारतात, "च्यात साखर घातलीस का न्हाई?" तेवढं ऐकायला त्या पुनर्वसनाच्या गावातून येतात. ते भरलं ती रात्र मला आठवते. मी पाचेक वर्षांची, अभंग संपला म्हणून बटण दाबायला जाते, तुम्ही हातावर चापट मारता. "बंद कोण कर म्हणलं? माणसं बसलीत अजून."

"आज नको काकी. डिस्कवर ताण आला तर सगळंच जाईल."

"मी कुठं तिला हात लावून राहिले? ऐकते अन् जाते."

"उद्या."

"तुझा बाप असा नव्हता. भाता फाटला तरी पेटी वाजवायचा."

मी लावलं नाही. त्या गेल्याही नाहीत. जिन्यावर बसल्या आहेत, खालच्या कोचिंगला आलेल्या पोरांच्या चपलांमधे. "उद्या नक्की ना?" असं दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. टक्‌टक्‌ आता जिन्यापर्यंत ऐकू येते.

त्यांना एक सांगितलेलं नाही. नवी डिस्क बसवण्याआधी मी काही फाइली वेगळ्या काढून घेणार होते. पहिली निघाली आणि डिस्क अडकली. बंद करून पुन्हा चालू केली, मग दुसरी काढायचं धाडस झालं नाही. पहिली निवडताना काकींच्या माणसाची फाइल समोरच होती. तिच्याखाली ती, ज्यात सूर चुकला म्हणून तुम्ही मला रागावता.

मी तुमची घेतली.