अक्काचा डावा हात आणि वीस अमिनो आम्लं

प्रिय अक्का,

मशीन झाकून ठेव आणि जरा बस. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, वाचायला वेळ लागेल. पण आजच लिहायला हवं. उद्या दसरा, आणि माझ्या चार वर्षांच्या नातीचा, चिमीचा, अक्षराभ्यास. ताटात तांदूळ पसरायचे, तिला मांडीवर घ्यायचं आणि बोट धरून पहिलं अक्षर काढून घ्यायचं. ते माझ्याकडे आहे. आणि चिमी निघाली डावरी! हुबेहूब तू!

खरं सांगू? सहा महिने मी तिचा हात बदलत होते. चमचा डाव्यात घेतला की काढून उजव्यात द्यायची. रडायची बिचारी. अम्मानं तुझ्याशी केलं तेवढंच मला येत होतं, दुसरं काय येणार?

मग परवा काय झालं ते ऐक. माझी सून रेवती इथे मल्लेश्वरमला कॉलेजात शिकवते. स्वयंपाकघरात बसून कणकेचे गोळे काड्यांना टोचत होती. म्हटलं, "अगं, पोळ्यांना काय उरणार?"

"आई, हे अमिनो आम्ल आहे. उद्या वर्गात दाखवायचंय."

वीस प्रकारची असतात म्हणे. त्यांच्या माळा गुंफून आपली प्रथिनं होतात, केस, नखं, मांस सगळं त्यातूनच. मधे एक कार्बनचा गोळा, त्याला चार जोड. एका अंगाला अमिनो, दुसऱ्या अंगाला आम्ल, एक बारका हायड्रोजन. हे तीन सगळ्यांचे सारखे. चौथा मात्र ज्याचा त्याचा वेगळा.

मी म्हटलं, "म्हणजे ब्लाउजच की! पाठ-पोट तेच, बाही वेगळी."

रेवती हसतच सुटली. पण बाही बघूनच त्यांचे गट पाडतात, अक्का! कुणाची पाण्याकडे ओढ घेते, कुणाची तेलासारखी पाण्यापासून लांब पळते, कुणाची आंबट, कुणाची सोड्याच्या वळणाची. शिवाय बरीचशी अंगातच, घरच्या घरी शिवून होतात. नऊ मात्र जेवणातूनच आणावी लागतात. तू म्हणायचीस ना, नुसता भात गिळू नकोस, डाळ घे! आता कळलं बघ.

मग तिनं दुसरा गोळा केला. तेच चार जोड, पण आरशात दिसावा तसा. "आई, एकावर एक जुळवून दाखवा." फिरवला, उलटा केला, छे! माझ्या लगेच लक्षात आलं. "एक डाव्या हाताची बाही आहे गं, एक उजव्या!"

"सरी! अगदी बरोबर!" म्हणाली. "आणि आपल्या प्रथिनांतली सगळी डावीच असतात. एक ग्लायसीन सोडून. त्याच्या चौथ्या जागीही हायड्रोजनच."

"म्हणजे स्लीवलेस. त्याला कसलं डावं-उजवं!"

"पण आई, कुठल्या बाजूला डावं म्हणायचं, हे माणसांनीच ठरवलंय हं."

माझा हात कणकेतच राहिला. तुझा हात वाईट, हेही माणसांनीच ठरवलं होतं ना?

शिवाजीनगरच्या घरी गिऱ्हाईक आलं की तू कात्री उजव्या हातात घ्यायचीस. लग्नाचा ब्लाउज डाव्या हातानं कापलेला कुणाला चालायचा नाही. त्या नादात एकदा एकाच हाताच्या दोन बाह्या कापल्यास, आठवतं? नवं कापड स्वतः आणून दिलंस. गिऱ्हाईक गेलं की कात्री परत डाव्यात, आणि काय सुरेख कापायचीस!

आणि तो दिवस. हेब्बाळहून तुला बघायला माणसं आली होती. सगळं उजव्या हातानं नीट दिलंस. एक कप घसरला, तो तेवढा डाव्या हातानं पकडलास. आणि मी, सात वर्षांची दीडशहाणी, सगळ्यांसमोर ओरडले, "अक्का डावरी आहे! पण सांगायचं नाही असं ठरलंय!" स्वल्प विचार करून कळवतो म्हणाले. त्यानंतर कोण येतंय? तू जन्मभर मशीनवर बसलीस, आणि माझ्या लग्नाचा ब्लाउजही तूच शिवलास. एकदा तरी माझ्यावर रागवायचंस गं! मला किती बरं वाटलं असतं.

आज सकाळी चिमीला चमचा दिला आणि हात मागे घेतला. डाव्या हातानं पोटभर जेवली. माझ्याकडे बघत होती, आज्जी आता काय करते म्हणून. काहीच केलं नाही.

तुला शब्द देते, अक्का. उद्या ताटासमोर चिमी जो हात पुढे करील तोच मी धरीन. पाहुण्यांत कुणी कुजबुजलं, तर तोंड आवरायची सवय मला तेव्हाही नव्हती. सगळ्यांसमोर ओरडून सांगीन, "आमची चिमी डावरी आहे! माझ्या अक्कासारखी!"

तुझी तोंडाळ,
शांता