आबांची गाठ आणि तुटणारं नेट

बुधवार, लोणी. दिवेलागण झालीय.

सापडलं! तीन दिवस मी लॅपटॉपवरच्या लिनक्सला शिव्या घालत होते. नेट यायचं, जायचं. नेट जोडून देणारा माणूस म्हणाला, "ताई, ते लिनक्स काढा, विंडोज टाका." आणि मी खरंच काढणार होते की! उद्या घरून करायच्या नोकरीची मुलाखत आहे. त्यात नेट गेलं असतं तर?

संध्याकाळी नेट चालू आहे का ते सारखं तपासणारं पिंग लावून बसले. पडद्यावर उत्तराच्या ओळी एकामागून एक येत होत्या. खिडकीबाहेर आबा रोजच्यासारखे मेंढ्या कोंडायच्या जाळीची, वाघुरीची एकेक गाठ ओढून बघत होते. शेवटच्या खांबाची गाठ ओढली आणि इकडे ओळी थांबल्या. त्यांनी हात काढला, तशा सुरू झाल्या.

"आबा, परत ओढा!"

परत थांबल्या. धावतच बाहेर गेले. नेटची वायर लोंबते म्हणून आबांनी तीही वाघुरीच्या दोरासारखी खांबाला आवळली होती! वर रोज ओढून आणखी घट्ट. नेट येतं ते वायरीतल्या काचेच्या तंतूतून, उजेडावर; ती काच अशी वाकल्यावर उजेड पुढे जाणार कसा?

आबांचा चेहरा उतरला. "गाठ चुकली का माझी?"

"चुकली नाय आबा, लई चांगली बसलीय."

गाठ सोडली. खिडकीतून पडद्याकडं बघितलं, तर ओळी सुरू झाल्या त्या थांबेचनात!

"मंग कशी बांधू?" त्यांनी विचारलं. मी सैल वेटोळं करून दाखवलं. आयुष्यभर गाठी मारलेला माणूस, आणि गाठ शिकवतेय मी! त्यांनी दोनदा करून बघितलं. सवयीनं ओढायला हात नेला, आणि हळूच मागं घेतला.