अप्पांचा उजवा पाय

अप्पा, आज तुमच्या पायानं मला घाबरवलं. खरंच सांगते, खुर्चीवरून उठून भिंतीला जाऊन टेकले मी. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली. तुमच्या गाण्याची एकुलती एक कॅसेट बुरशीनं खाल्ली, आणि आता तुमचा आवाजच मला आठवेनासा होतोय. त्या भीतीनं गेले काही दिवस मी केलगेरीच्या आताच्या घरातली कपाटं उपसत होते, कुठं तरी थोडा आवाज राहिला असेल म्हणून. सापडली काय, तर एक फ्लॉपी. वर माझ्याच अक्षरात 'पेडल चाचणी'.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. हुबळीत दुकानाच्या वरच्या आपल्या घरात अर्थिंगचा प्लग फक्त स्वयंपाकघरात होता. म्हणून कीबोर्ड, माइक आणि मी नवीन घेतलेलं इकोचं मशीन, सगळं ओट्यावर मांडलंय, चटणीच्या खोबऱ्याशेजारी. आईचा चेहरा बघण्यासारखा आहे. भाता फाटल्यापासून तुमची पायपेटी माळ्यावर पडली होती आणि भजनी मंडळात जाणं तुम्ही सोडलं होतं. पूर्वी साड्या उलगडतानाही गुणगुणणारा माणूस दुकानात गप्प बसायला लागला होता. मला ते बघवत नव्हतं, म्हणून हा सगळा खटाटोप. पेडलची वायर कीबोर्डला, पेडलचे निरोप नेणारी कीबोर्डची मिडीची वायर मशीनला, असं जोडून मी पेडल तुमच्या पायाशी सरकवलं. म्हटलं, "अप्पा, तुम्ही नुसतं म्हणा. हे दाबलं की आवाज घुमेल, सोडलं की कोरडा. मशीनच्या बटणाला हात लावायला नको."

"म्हणजे बटण पायानं फिरवायचं? हौदु?"

"हौदु, हो," म्हणत मी कीबोर्डमध्ये फ्लॉपी घालून रेकॉर्डचं बटण दाबलं, पेडलचे निरोप पोचतात का बघायला. मग कीबोर्डवर सा धरून ठेवला आणि तुम्ही भैरवी सुरू केलीत.

पण जन्मभर भाता मारलेला माणूस! पाय थांबला की पेटी मुकी, हे अंगात मुरलेलं. तुम्ही पेडल एकसारखं वरखाली करत राहिलात, आणि डावा पाय मोकळ्या फरशीवर, तोही तालात. आवाज घुमतोय, आटतोय, पुन्हा घुमतोय. मी ओरडले, "अप्पा, भाता नाही तो!" दोन ओळींच्या मध्ये तुम्ही विचारलंत, "मग हवा कुठनं येत्ये गं?" आई पदर तोंडाला लावून हसली. शेवटी तिनंच "साकु, पुरे आता, मिक्सर लावायचाय मला" म्हणून प्लग काढून घेतला. पुढचा उन्हाळा तुम्ही पाहिला नाहीत. हृदयाचं दुखणं बरंच जुनं असणार, असं डॉक्टर म्हणाले. घरात कुणालाच पत्ता नव्हता.

त्या फ्लॉपीवर आवाज उतरत नाही. कुठली पट्टी दाबली, पेडल किती खाली गेलं, एवढंच उतरतं. हे मला ठाऊक होतं, तरी आज वेड्या आशेनं सगळं जोडलं आणि ती लावली. आधी नुसता माझा सा आला. मग त्या सा-भोवती घुमारा वर आला, खाली गेला, परत वर आला. खोलीत कुणी नाही आणि तुम्ही भाता मारताय! तेव्हाच मी भिंतीला टेकले. मग धीर करून माइक ओढला आणि तुमच्या पायाबरोबर तीच भैरवी म्हणू लागले.

पहिली ओळ जमली. दुसऱ्या ओळीत मध्येच ताल सुटला. पेडल पार तळाला गेलं आणि तिथंच थांबलं, माझा आवाज खोलीभर घुमत राहिला. वाटलं, फ्लॉपी खराब झाली. पण पुढच्या ओळीतही तेच, अगदी त्याच जागी. त्याच्या पुढच्या ओळीतही. अप्पा, गाणं शिकवताना मी ओळ तोडून श्वास घेतला की तुम्ही मला मांडीवर चापट मारायचात, आणि तुम्हीच दर ओळीत दम खात होता! श्वास संपायच्या आधी घुमारा भरून ठेवायचा आणि त्याच्या आड हवा ओढायची. आम्ही समजत होतो, तुम्हाला पेडल कळलंच नाही. आई हसत होती, मी हसत होते, आणि आमच्या देखत, त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात, तुम्ही तुमच्या छातीचं दुखणं लपवत होता. सुचलं तरी कसं तुम्हाला? आणि बोलला का नाहीत? मला तुमचा भयंकर राग आलाय.

आईला अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हा कागद तरी कुठं पाठवणार? फ्लॉपीबरोबर डब्यात ठेवून देते. एक मात्र सांगून टाकते. थोड्या वेळानं मी ती भैरवी पुन्हा म्हटली. मला दम चांगला पुरतो, तुम्हीच तयार केलेला आहे. तरी या खेपेला प्रत्येक ओळ मी तुमच्याच जागी तोडली.