आठ सशांचं आधीचं रक्त

३ मार्च.
चार महिने एक ओळ लिहिली नाही, याबद्दल स्वतःचीच माफी. आता नेम मोडणार नाही. निमित्तही तसंच आहे. माझ्या हाताखालची बायोकेमिस्ट, वय सव्वीस. लसीतल्या प्रोटीनमध्ये दोन वर्षं खपून तिने असे बदल केलेत की लस फ्रिजबाहेरही टिकते. उद्या आठ ससे येतील. चौघांना लस, चौघांना नुसतं मीठपाणी. निकाल चांगला आला तर लस संस्थेतली जागा तिची. टोचण्याआधी प्रत्येकाचं रक्त घ्यायचं, म्हणजे पुढे तुलना करता येते. ते काम मी मागून घेतलं. कानाची शीर धरायला मुरलेला हात लागतो.

४ मार्च.
दोघांचं घेतलं. मग मीटिंग. उरलेले सहा उद्या सातला.

५ मार्च, स. ११.
गजर वाजला असावा. पोचलो तर तिने वेळापत्रकाप्रमाणे आठही टोचून टाकलेले. रक्त घेतलंत ना, तिने विचारलं. हो म्हणालो. हे खोटं का? तासभर प्रामाणिकपणे विचार केला. खोटं नाही, अपुरं. संध्याकाळी सांगेन.

६ मार्च.
दोन नळ्यांतलं आठ नळ्यांत वाटलं. ससे एकाच ठिकाणचे, भावंडंच असतील. चिठ्ठ्या सुवाच्य लिहिल्या. घरी कुणी न सांगता भांडी घासली. बायको म्हणाली, काय बिघडवून आलात?

४ एप्रिल.
निकाल. लसवाल्या चौघांत अँटिबॉडीज भरपूर. मीठपाणीवाल्या तिघांतही तेवढ्याच. आधीचं रक्त मात्र आठांचंही स्वच्छ. प्राणीघरातले काका म्हणाले, त्या तिघांची नाकं आले तेव्हाच गळत होती, साहेब, बोललो होतो तुम्हाला. म्हणजे लस ज्या जंतूवर आहे, तोच ते अंगात घेऊन आले. आधीच्या रक्तात दिसलं असतं. उद्या तिला शांतपणे समजावायचं.

५ एप्रिल.
सांगणारच होतो. तीच आली, डोळे सुजलेले. "सर, त्या तिघांना मीठपाण्याऐवजी लसच माझ्या हातून टोचली गेली असणार. तुम्ही घेतलेलं रक्त तर स्वच्छ होतं."
मी म्हणालो, या वयात होतं असं. तिला धीर आला असावा.

८ एप्रिल.
ससे मारले. तिनेच एकेकाला धरलं. जागेसाठीचा अर्ज मागे घेत असल्याचं पत्र पुढे पाठवायला माझ्या टेबलावर ठेवून गेली. कारण दिलंय, स्वतःच्या हातावर भरवसा उरला नाही. दोनदा वाचलं. भाषा साधी, नेटकी. फक्त तारीख राहिली आहे.

उद्या : पत्रावर तिच्याकडून तारीख घालून घेणे.