करंगळीचा काही संबंध नाही

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कारण सीझन. चतुर्थीला पंचवीस दिवस. कारखान्यात शाडूच्या एकशे चाळीस मूर्ती उभ्या. (कारखाना म्हणजे कसबा पेठेतल्या तळमजल्याच्या दोन खोल्या. मागे स्वयंपाकघर.) अंगाचा रंग कोंडीराम देतो. डोळ्यांची आखणी मी. फक्त मी. चाळीस वर्षांत माझा एकही डोळा बिघडलेला नाही.
संकल्प: रोज आठ मूर्ती. दुपारी एक ते चार झोप. बाकी कशात लक्ष घालायचं नाही.
ता. क. उजवी करंगळी उठल्यापासून बधिर. दमट हवा.

४ ऑगस्ट, सोमवार
आठच्या जागी चार. ब्रश वाईट. आता अनामिकेलाही मुंग्या. पण करंगळीचा आखणीशी काही संबंध नाही. ब्रश अंगठा आणि पुढच्या दोन बोटांत असतो. करंगळी नुसती मूर्तीच्या गालावर टेकायची, हात हलू नये म्हणून. म्हणजे संबंध आहे, पण लांबचा.

५ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी ४.१५
सकाळी एका मूर्तीचा डावा डोळा थेट भुवईत घुसला. पुसायचा कंटाळा आला म्हणून तसाच ठेवून झोपलो. उठून बघतो तर डोळा जागच्या जागी! शोध: रंग वाळताना रेष आपोआप बसते. वडिलांना हे माहीत नसावं. ते दुपारी झोपत नसत.
सुनीतीला (पत्नी) सांगितलं. ती हो म्हणाली. तिच्या बोटाला काळं लागलेलं. तवा घासत असणार.

९ ऑगस्ट, शनिवार
सुनीतीने ओढून डॉक्टरकडे नेलं. डॉ. नीरजा. नसांच्या डॉक्टर, वय जेमतेम तिशी. म्हणाल्या, करंगळी बिघडलेली नाही, कोपर बिघडलंय. मानेपासून हाताकडे तीन मोठ्या नसा जातात. त्यातली अल्नर नावाची कोपराच्या मागच्या खाचेतून जाते, वर नुसती कातडी. कोपर दारावर आपटलं की जो करंट बसतो, तो हाच. तुम्ही चाळीस वर्षं कोपर लाकडावर दाबून बसलात, ती नस चेंगरतेय.
मी म्हणालो, तो साधासुधा लाकडी पाट नाही, वडिलांचा शिसवी पाट आहे. त्या म्हणाल्या, नसेला फरक पडत नाही. पुणेरीच निघाल्या.
मग परीक्षा. अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला लावून ओढला. डाव्या हाताने सहज धरला. उजव्याने तर अंगठा वाकवून असा आवळला की सोडलाच नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. इम्प्रेस झाल्या असाव्यात.
सल्ला: कोपर टेकायचं नाही. झोपताना टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे हात वाकणार नाही. नर्व्ह कंडक्शन टेस्ट लगेच. टेस्ट चतुर्थीनंतर करू.

१० ऑगस्ट, रविवार
कोपर न टेकता दोन मूर्ती. दोन्ही चकण्या. पाट परत घेतला. पाटावर टॉवेल घातला, म्हणजे डॉक्टरांचंही ऐकलं. दुपारी उठेपर्यंत चकण्यासुद्धा सुधारल्या होत्या.

१४ ऑगस्ट, गुरुवार
चहाचा ग्लास सुटला. ग्लास गुळगुळीत होता.
शर्टाचं वरचं बटण लागेना. काज लहान शिवलंय.
सुनीती म्हणाली, अहो, टेस्ट करून घ्या, मी हात जोडते. मी म्हणालो, सीझनमध्ये कोणी आजारी पडतं का? त्यावर तिने टॉवेल आणून माझ्या कोपराला गुंडाळला आणि आत गेली. ती बोलते ते परवडतं.

१८ ऑगस्ट, सोमवार
अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग बसलाय. खळगा दिसतो. वजन कमी झालं, बरंच झालं.
घरगुती मूर्ती एकशे अकरा झाल्या. सगळ्या दुपारी वाळून नीट बसलेल्या. आज सकाळी मात्र सात चुकल्या. सातात सात.

२१ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ७
उद्या मंडळाची मूर्ती. तिची आखणी कार्यकर्त्यांसमोर करायची, ही वडिलांपासूनची पद्धत. वेळ सकाळी दहा. दहा ही वेळ वाईट आहे, मध्ये दुपारची झोप बसत नाही. अध्यक्ष योगेशला फोन करून म्हटलं, चारला ठेवू. तो म्हणाला, काका, पत्रिका छापल्या.
फोन धरलेला हात कानापाशी असतानाच बधिर झाला.
भीती वाटते. हे इथेच लिहितोय, कुठे बोलणार नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी ४
वीस माणसं. योगेश मोबाइलवर शूटिंग करत होता. पाट ठेवला, कोपर टेकलं, करंगळी गालावर टेकवली. म्हणजे मला तसं वाटलं. ती टेकलेलीच नव्हती आणि मला कळलं नाही. रेष डोळ्यातून निघाली ती सोंडेवर जाऊन थांबली.
पेठेतली वीस माणसं एकाच वेळी गप्प. असं कधी ऐकलं नव्हतं. योगेशने मोबाइल खाली घेतला.
मी म्हणालो, वाळली की बसेल. चारला या.
कोणी हललं नाही. मग स्वयंपाकघरातून सुनीती आली. ओल्या फडक्याने रेष टिपली, माझ्या हातातला ब्रश घेतला आणि उभ्याउभ्या दोन्ही डोळे काढले. कोपर कुठेही टेकलेलं नाही. करंगळी गालावर.
योगेश म्हणाला, काका, अगदी गेल्या वर्षीचेच डोळे!
कोंडीराम जमिनीकडे बघत होता. म्हणजे त्यालाही माहीत होतं.
आज झोप आली नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
टेस्ट झाली. डॉ. नीरजा म्हणाल्या, नस कोपरापाशी बरीच चेंगरलीय, ऑपरेशन करून मोकळी करू. मी विचारलं, मग डोळे काढता येतील ना? म्हणाल्या, बिघडणं थांबेल. गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही. लवकर यायला हवं होतं. आणि कागद अंगठा वाकवून धरला, तेव्हाच त्यांना कळलं होतं. म्हणजे ती नापास होण्याची पद्धत आहे.
रिक्षात सुनीतीला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, दोन वर्षं. आधी बारीकसारीक, मंडळाचेही तुम्ही झोपल्यावर, यंदा सगळेच. इतके दिवस बोलली का नाहीस, म्हटलं. म्हणाली, तुम्ही उठल्यावर मूर्ती बघून किती खूश व्हायचात.
रिक्षात डोळ्यांत पाणी आलं. धूर होता.
अजून अकरा मूर्ती बाकी. ती आखणीला बसली, मी शेजारी रंगाची वाटी धरून. डाव्या हाताने. पाट कोंडीरामने माळ्यावर टाकला.
वाटी एकदाच सांडली. रंग पातळ होता.