बारा एसींतला गॅस

२ मे, शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बुधवारी दुपारी सव्वातीनला तिने एक प्रश्न विचारला आणि माझं सगळं उलटंपालटं झालं. ती म्हणजे तीच, कॉलेजातली. हसू नकोस. वडिलांबरोबर घरचा जुना एसी मोडीत द्यायला मामांच्या दुकानात आली होती. मी रुबाबात नळी कापली, फुस्सकन गॅस सोडला. तो कुठे गेला, असं तिने विचारलं. हवेत, म्हटलं मी. हवेत म्हणजे कुठे, असं तिने पुन्हा विचारलं.

ताई, तो कुठेच जात नाही. वर साठून राहतो आणि जमिनीची उष्णता बाहेर पडू देत नाही. आमच्या एसीतला एक किलो गॅस म्हणजे जवळपास दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप. तिने वहीच्या पानावर मांडून दाखवलं. दीड वर्षात मी किती सोडला ते मोजायची हिंमत झाली नाही. आणि मी छाती काढून सांगायचो, लोकांच्या खोल्या गार करतो म्हणून!

सोमवारी, १२ तारखेला, एका कचेरीच्या गच्चीवरचे बारा जुने एसी भंगारात काढायचेत. गॅस खेचून सिलिंडरमध्ये भरायचं मशीन दुकानात आहे, पण मामा त्याच्यावर डबा ठेवून जेवतात. ते वापरू म्हटलं, तर कॉलेज अर्धं टाकून आलेल्याने मला शिकवू नये म्हणाले. मीही पाना आपटला. बस्स, सोमवारच्या आत दुकान सोडतो. तिच्या वडिलांनी आधी एका जागी टिकून दाखव म्हटलंय, तेवढंच घशात अडकलंय.

चिडलीस तरी उत्तर पाठव.

तुझा
बंब


६ मे, मंगळवार

चि. बंबास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात गॅस कमी आणि ती जास्त आहे. असो.

तू गेलास तर मामा दुसऱ्या कुणाला गच्चीवर पाठवतील आणि तो शीळ घालत बारा नळ्या कापेल. गॅस जायचा तो जाईलच, तुझा राग तेवढा शाबूत राहील. कॉलेजही असंच सोडलंस. सरांशी भांडून वह्या तिथेच टाकून आलास. सर अजून मजेत शिकवतायत.

मामा नक्की कशाला नाही म्हणाले, ते विचारलंस का? काल मामी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, कचेरीने कामाला सोमवारचा एकच दिवस दिलाय आणि त्या मशीनला एकेका एसीमागे अर्धा तास लागतो, याची मामांना धास्ती आहे. माणूस वाईट नाही रे, घाईत आहे. आणि ते मशीन तुला चालवता तरी येतं का, की नुसताच आवेश?

वेळेवर जेव. माया आहे म्हणून कान उपटते.

तुझी
ताई


११ मे, रविवार, सकाळ

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

न विचारता मशीन नेतोय. विचारलं असतं तर पुन्हा भांडलो असतो.

एकाला अर्धा तास, म्हणजे बारांना सहा तास. कचेरी आज बंद आहे. तिथल्या साहेबांची चिठ्ठी काल घेतली, पहारेकऱ्यालाही भेटून आलो. तीन दिवस दुकानातल्या मोडक्या एसींवर हात बसवला. पहिल्या वेळी जोड सैल राहिला आणि थोडा गॅस गेलाच. ती चूक माझी. उद्या तुमची माणसं येतील तेव्हा बाराही एसी रिकामे असतील. मग खुशाल नळ्या कापा, पहिली मीच कापेन. तुमचा एक तासही जाणार नाही.

पाना आपटला त्याबद्दल माफ करा. बाकी कशाबद्दल माफी मागत नाही. यापुढे माझ्या हातून गॅस हवेत सुटणार नाही, काम कितीही घाईचं असो. पटलं नाही तर मला काढून टाका. मी आपणहून जाणार नाही. मला टिकून दाखवायचंय; कुणाला, ते मामींना विचारा.

आजवर जीव लावलात, तो उद्या संध्याकाळीही उरलेला असू द्या.

आपला
भाचा

ता. क. गच्ची तापायच्या आत पोचायला हवं. मशीन खांद्यावर घेतलंय. निघालो, दुकानाचं दार ओढून घेतो.