न बघता पिशवी खराब

७ एप्रिल
तिसगावात ऊसतोडीवरून बायका परतल्या, ओपीडी तुडुंब. त्यात नंदा, वय २९. आठ महिने अंगावरून पांढरं जातंय, वास, खाज, लघवीला आग. स्टँडजवळच्या डॉक्टरने तीनदा तीच बुरशीची गोळी दिली. आता म्हणतो पिशवी खराब. १३ ला नगरला ऑपरेशन.
"तपासलं का त्यांनी?"
"न्हाई मॅडम. खुर्चीवरूनच म्हनले, काढून टाका."
खुर्चीवरून गर्भाशय दिसतं या महापुरुषाला.
तपासलं. बुरशीत दह्याच्या गुठळ्यांसारखं घट्ट पांढरं जातं, वास नसतो. हे पिवळट-हिरवं, फेसाळ. पीएचची पट्टी पाचाच्या वर. बुरशीत बहुधा इतकी चढत नाही. जिवाणूंचा तोल बिघडला की चढते, मासळीसारखा वासही येतो, पण तिथे स्राव करडा, आणि इतकी आग नसते. तरी नजरेवर भरवसा नको. थेंबभर सलाईनमध्ये स्लाइड, लगेच मायक्रोस्कोप. ट्रायकोमोनास, शरीरसंबंधातून पसरणारे जंतू, वळवळताना दिसले. पाच मिनिटं लागली. पिशवी ठणठणीत.
तिला सात दिवसांच्या गोळ्या. नवऱ्यालाही घ्याव्या लागतील, नाहीतर पुन्हा होणार. उद्या बोलावलंय.

८ एप्रिल
त्या डॉक्टरला फोन केला. "अहो मॅडम, या बायकांचं सगळं सारखंच असतं." आवाजात लाज नावाला नाही.
नंतर नंदाचा जुना केसपेपर काढायला लावला. सप्टेंबर, तोडीला जायच्या आधी. 'पांढरं जाणं. बुरशीची गोळी.' तपासणीची जागा कोरी. खाली सही माझी.
त्या दिवशी गर्दी होती, असं मी स्वतःला सांगितलं. त्या डॉक्टरकडेही असेलच.

१० एप्रिल
दोन दिवस उशिरा नवरा आला. उभाच राहिला.
"मला काय बी होत न्हाई. मी कशाला गोळ्या खाऊ?"
पुरुषाला बहुतेकदा काही जाणवत नाही, सांगितलं.
"म्हंजी मी दिला व्हय हिला रोग?"
कोणी कोणाला दिला ते जंतू सांगत नाही, म्हटलं. दोघांचा डोस संपेपर्यंत जवळ जायचं नाही, दारू नाही. पाकीट टेबलावर तसंच टाकून गेला. बायकोची पिशवी काढायला तयार, स्वतः गोळी गिळायला नाही.

१२ एप्रिल
नंदा एकटी आली. आग कमी आहे. सप्टेंबरात मीही न तपासताच गोळी दिली, चुकले, असं तिला सांगितलं.
मग तिने नवऱ्याने टाकलेलं पाकीट मागितलं. "कालवनात घालून देऊ का त्यास्नी?"
नाही म्हटलं. सांगूनच द्यायचं.
"सासू म्हनती, काढून टाक, कायमची कटकट जाईल. उद्या सात वाजता नगरची गाडी हाय."
"तुमचं काय म्हणणं?"
पाकीट कमरेला खोचलं. "बगते," म्हणाली.